बारा सेंटीमीटर

खारी, भाईंदर पूर्व
९ ऑक्टोबर २००६

चि. सुचेता,

आशीर्वाद आहेतच. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव.

फोन लावला की तू कट करतेस. दारात आले तर आतल्या खोलीत जाऊन कडी लावतेस. म्हणून पोस्टाने लिहितेय. खारीतून इंद्रलोकला रिक्षाने दहा मिनिटं लागतात आणि हे पत्र तीन दिवसांनी पोचणार. पोस्टमन हसेल. हसू दे.

तुला पाचवा महिना सरत आलाय हे मला भाजीवाल्या शेवंतीने सांगितलं. जिला चार वर्षांची असल्यापासून वाढवलं तिची गोड बातमी मेथीची जुडी घेताना कळावी! पण मी रागावलेले नाही. रागवायचा हक्क मी स्वतःच घालवला, ते मला कळतं.

अडीच वर्षं झाली त्या गोष्टीला. मी काही ती उकरून काढायला बसलेले नाही. तुझी तब्येत कशी आहे, पायावर सूज येते का, लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतेस का, एवढंच विचारतेय. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. तुला चहाशिवाय काही गिळत नाही, माहितीये, तरी घेऊ नकोस.

आणि एक. नवीन डॉक्टरांकडे कार्ड नवीन केलं असेल. त्यांनी तुझी उंची स्वतः मोजली का? की जुन्या कार्डावरून उतरवली, की नुसतीच विचारून लिहिली? तेवढं कळव. आणि ते काही म्हणोत, तू यावेळी सिझरच करून घे. कारण विचारू नकोस. सव्वीस वर्षं बाळंतपणं केली आहेत मी, तेवढ्यावर विश्वास ठेव.

तुझी,
आत्या


२ नोव्हेंबर २००६

चि. सुचेता,

उत्तर येणार नाही हे धरूनच होते, तरी रोज दुपारी जिन्याखालची पेटी बघत होते.

परवा मार्केटात तुझा निकेत भेटला. बिचारा कोथिंबीर हातात धरून शाळेतल्या मुलासारखा उभा राहिला. म्हणाला, "आत्या, तिने पत्र वाचलं. काही बोलली नाही." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "आई म्हणतेय, यावेळी नॉर्मलच. रोज तीन मजले चढउतार करायला लावतेय. म्हणते, मागच्या वेळी जोर कमी पडला, यावेळी अंगात ताकद आणू." मी विचारलं, "आणि सुचू काय म्हणते?" तो म्हणाला, "चढते ना."

घरी येऊन मी पिशवीसुद्धा रिकामी केली नाही. जोर कमी पडला हे वाक्य तुझ्या सासूचं, आशाताईंचं नाही. ते माझं आहे.

तुला वाटत असेल, आत्या विसरली. नाही ग. नर्सिंग होमच्या त्या बाकाजवळ मी उभी होते. हातमोजेसुद्धा काढलेले नव्हते. आशाताईंनी विचारलं, "काय झालं हो?" आणि मी म्हणाले, "पोरीने जोर लावला नाही. पोटातच घुसमटलं बाळ." आतलं दार अर्धं उघडं होतं. तू ऐकलंस. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि त्या दिवसापासून माझ्याकडे पाहिलं नाहीस.

ते खोटं होतं, सुचू. तू सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत जोर लावत होतीस. तुझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. इतका जोर मी फार थोड्या बायकांचा पाहिलाय.

तुझं काही चुकलं नव्हतं. दोष असलाच तर हाडाचा होता. आता हे तुला नीट सांगते, कारण मागे कधी सांगितलं नाही.

आम्हाला ट्रेनिंगला उत्तनच्या मथिल्डाबाई शिकवायला होत्या. त्यांच्याकडे खऱ्या हाडांची एक पेल्विस, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा होता; पिवळी पडलेली, चहाच्या खोक्यात गुंडाळून ठेवलेली. सोबत चिंध्यांची एक बाहुली. वर्गात येऊन त्या पेल्विस टेबलावर ठेवायच्या आणि बाहुली त्यातून पार करून दाखवायच्या. दोन बाजूंना दोन पसरट हाडं, ज्यांच्यावर आपण कडेला पोर घेतो. मागे त्रिकोणी हाड, त्याच्या टोकाला माकडहाड. पुढे ती दोन हाडं येऊन जुळतात. मध्ये जी पोकळी राहते तेच बाळाचं दार. आणि गंमत अशी की दार वरच्या बाजूला आडवं रुंद असतं आणि खालच्या बाजूला उभं रुंद. म्हणून येताना बाळ वाटेत मान वळवतं. कोणी शिकवत नाही त्याला, आपलं आपण वळवतं. बाहुलीची मान वळवताना मथिल्डाबाई दरवेळी हसायच्या.

मग त्यांनी दुसरी पेल्विस काढली. लहान. बाहुली वरच अडकली. आम्हा पोरींना वाटलं, बाई अजून ढकलतील. त्यांनी ढकललं नाही. म्हणाल्या, "आई रडते, नवरा देवाला बोलवते, हाडाला काय पडलेला न्हाय. ते जागचा हालत न्हाय. म्हणून बाई समोर आली का आधी तिची उंची बघायची. ठेंगणी हाय, तर आतला दार लहान असायचा संभव हाय. कळा चालू झाल्यावर शोधायची गोष्ट न्हाय ही."

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हे मी नंतर पंधरा-वीस बॅचच्या पोरींना शिकवलं, याच शब्दांत.

आज एवढंच. उरलेलं लिहायला हात चालत नाही. तू जिने चढणं बंद कर.

आत्या


२८ नोव्हेंबर २००६

चि. सुचेता,

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं. हेही फाडायच्या आत पेटीत टाकून येणार आहे.

तुझी उंची चार फूट सात इंच. म्हणजे एकशेचाळीस सेंटीमीटर. तुलाही ठाऊक आहे, मलाही. दर वाढदिवसाला मी तुला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलीने रेघ मारायचे. पंधराव्या वर्षी रेघ चौदाव्याच्याच जागी आली, तेव्हा तू रडलीस आणि मी म्हटलं, लहान बशीतच पोहे छान दिसतात.

आणि मग तुझ्या लग्नाच्या बायोडाटात मी पाच फूट लिहिलं. सगळेच इंच-दोन इंच वाढवतात, मी पाच वाढवले. आई-वडील नसलेली पोर, त्यात ठेंगणी. पंढरीदादा जाताना मला म्हणाला होता, हिला चांगलं घर बघ. इंद्रलोकमधला स्वतःचा फ्लॅट, सरकारी नोकरीतला मुलगा, मुंबईतून आलेली शिकलेली माणसं. मला ते घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. बघायला येणार त्याच्या आठवडाभर आधी मी त्या चौकटीला चॉकलेटी ऑइलपेंट मारून घेतला, कोणाची नजर रेघांवर जाऊ नये म्हणून. आणि पोह्यांच्या वेळी तुला टाचेच्या सँडल घालून बाहेर पाठवलं. घरात! आपल्याच फरशीवर! तू म्हणालीस, "आत्या, कोणी घरात चपला घालतं का?" मी म्हटलं, "साडी लांब आहे, दिसत नाहीत. चल."

लग्न झालं. इथपर्यंतचा गुन्हा हसण्यावारी नेता आला असता. हजारो घरांत होतो.

पहिल्या खेपेला तू पहिल्यांदा तपासायला आलीस तेव्हा आशाताई सोबत होत्या. त्यांना मीच म्हटलं होतं, माझ्या नर्सिंग होमलाच नाव घाला, घरचं माणूस आहे. कार्ड मी भरत होते. वजन घेतलं. उंचीचा रकाना आला. मोजायची पट्टी माझ्या मागच्या भिंतीवर, हातभर अंतरावर. आशाताई समोरच्या खुर्चीत. मी मोठ्याने म्हटलं, "उंची पाच फूट," आणि एकशेबावन्न लिहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी डोळ्यांनीच तुला गप्प केलं. तू सासूसमोर मला उघडं पाडणार नव्हतीस, आणि त्या आकड्याचा अर्थ काय ते तुला कुठे माहीत होतं? ते माझं काम होतं.

आमच्याकडे नियम होता. चार फूट दहाच्या खालची बाई आली की कार्डाच्या कोपऱ्यात लाल गोल करायचा. लाल गोल दिसला की डॉक्टर स्वतः पेल्विस तपासायचे, आणि कळा सुरू झाल्या की भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचे. तो नियम मीच सुरू केला होता. तुझ्या कार्डावर लाल गोल नव्हता. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, एकशेबावन्न, ठीक. ते माझ्यावर कधी शंका घेत नसत.

खरे एकशेचाळीस, लिहिले एकशेबावन्न. बारा सेंटीमीटरचा फरक. भरलेल्या दिवसांच्या बाळाचं डोकं साडेनऊ सेंटीमीटर रुंद असतं.

आता नवीन कार्डावरही तोच आकडा गेला असणार. सुचू, तू उद्याच जा आणि सांग, मला भिंतीला उभी करा. माझं नाव सांगायचं तर सांग.

आत्या


१६ डिसेंबर २००६

चि. सुचेता,

निकेतला फोन केला होता. तो म्हणाला, "पत्र वाचून ती दोन दिवस जेवली नाही, पण डॉक्टरांना काही सांगितलं नाही. आईसमोर कसं सांगणार, आत्या? लग्नाच्या वेळचं खोटं निघेल." म्हणजे माझं खोटं आता तू सांभाळतेयस. पोटात सात महिन्यांचं बाळ घेऊन.

मग जे उरलं आहे तेही सांगते. कार्डाचं लिहिलं तेव्हा मनात एक चोरवाट ठेवली होती, की चूक आकड्याचीच होती, नंतर माझ्या लक्षात आलं नाही. तसं नाही.

अडतिसाव्या आठवड्यात डॉक्टर बाहेरगावी होते आणि मी तुला आतून तपासलं. मागच्या त्रिकोणी हाडाची वरची कड पुढे आलेली असते. दार मोठं असेल तर आपलं मधलं बोट कितीही लांब केलं तरी त्या कडेला लागत नाही. मी पोरींना शिकवायचे, लागलं नाही तर बरं समजा, लागलं तर धावत जाऊन डॉक्टरांना सांगा.

माझं बोट लागलं. सहज लागलं. मी परत एकदा पाहिलं, पुन्हा लागलं. तू विचारलंस, "आत्या, सगळं ठीक ना?" मी हातमोजा काढत म्हटलं, "एकदम मस्त. राजकन्येची पेल्विस आहे." आणि कार्डावर लिहिलं, पेल्विस ॲडिक्वेट, म्हणजे दार पुरेसं आहे.

का लिहिलं असेल? मी स्वतःला अडीच वर्षं विचारतेय. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी उंची पुन्हा मोजली असती. माझ्या अक्षरातला आकडा खोटा ठरला असता, बाहेर आशाताई बसल्या होत्या. शिवाय माझा माझ्या हातांवर गर्व होता. ठेंगण्या बायकांची बाळं मी सुखरूप काढली आहेत, हेही निघेल असं वाटलं. कळा सुरू झाल्यावर मी तीन वेळा डॉक्टरांना फोन लावायला उठले आणि तीन वेळा बसले. चौथ्यांदा लावला तेव्हा उशीर झाला होता. आणि तू ज्याच्यासाठी जीव काढत होतीस तो रडलाच नाही.

मग मी बाहेर येऊन म्हटलं, पोरीने जोर लावला नाही.

काल चौकटीवरचा रंग खरवडला. पॉलिश पेपर आणला आणि सकाळपासून घासत बसले. अजून बोटं सोलली आहेत, म्हणून अक्षर असं. रंगाखाली सगळ्या रेघा तशाच आहेत. वरची "सुचू, १५". टेप लावली. चार फूट सात, एक दोराही जास्त नाही. आठवणीवर भरवसा नको म्हणून मोजलं.

तुला हे पत्र सासूला दाखवता येणार नाही, मला कळतं. तुझ्यावर ते ओझं नको. रविवारी तुम्ही दोघं सोनोग्राफीला जाणार आहात असं निकेत म्हणाला. तेव्हा मी आशाताईंकडे जातेय.

आत्या


१९ डिसेंबर २००६

चि. सुचेता,

त्यांनी तुला सांगितलं असेल किंवा नसेल. मी सांगते, म्हणजे माझ्या बाजूने तरी काही लपलं असं नको.

आशाताईंनी दार उघडलं, पाणी दिलं. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. बायोडाटा, चौकट, सँडल, कार्ड, बोट. शेवटी म्हटलं, "तिने जोर लावला होता. मी खोटं बोलले."

त्या बराच वेळ टीपॉयवरचा पेपर घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंदाताई, मुलगी ठेंगणी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

"कसं?" मी विचारलं.

"पोहे घेऊन आली ती टॉक टॉक आवाज करत. घरात कोण चपला घालतं? मी घरी जाताना ह्यांना म्हटलं, पोरगी बुटकी आहे, आणि आत्याबाई ते लपवायला बघताहेत. पण त्या टाचांवर चालताना एक बशी हलली नाही तिची. आवडली मला. तुम्ही इतकं सजवून सांगत होतात, म्हटलं कशाला तुमची लाज काढा."

"मग कार्ड भरताना मी पाच फूट म्हटलं, तेव्हा...?"

"मला वाटलं, चाललंय आपलं तुमचं. मनात हसले मी." त्यांनी घडी केलेला पेपर बाजूला सारला. "उंचीचा आणि बाळाचा काही संबंध असतो, हे मला कुठे ठाऊक? ते तुम्हाला ठाऊक होतं."

सुचू, ज्या बाईपासून मी ते लपवत होते तिला ते ठाऊक होतं आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. मी कोणापासूनच काही वाचवलं नाही. तुझं बाळ कशासाठी गेलं याला माझ्याकडे आता कारणसुद्धा उरलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "अडीच वर्षं मी तिला बोलतेय. रोज काही ना काही. जिने चढायला लावले." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी जवळ जाणार होते, त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाल्या, "तुम्ही जा आता. उद्या मीच तिला घेऊन जाते डॉक्टरांकडे. उभी करते भिंतीला."

मी उतरले. तीन मजले. प्रत्येक पायरीवर तू दिसत होतीस.

यापुढे मी लिहिणार नाही. तुला शांतता हवी. मला माफ कर असंही लिहीत नाही, ते मागण्याची गोष्ट नाही.

आत्या


इंद्रलोक
२० फेब्रुवारी २००७

आत्या,

तुझी सगळी पत्रं मिळाली. वाचली. तिसरं आणि चौथं कितीदा वाचलं ते सांगत नाही.

मुलगी झाली, बारा तारखेला, सिझर. दोन किलो नऊशे. कालच घरी आलोय.

आईंनी मला पट्टीखाली उभं केलं तेव्हा सिस्टर म्हणाली, एकशेचाळीस, आणि जुनं कार्ड बघून तिने परत मोजलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, इथून बाळ येणं शक्यच नव्हतं, आधीचंही नाही, कितीही जोर लावला असता तरी. आई माझा हात धरून उभ्या होत्या. मी जोर लावला होता हे मला माहीत होतं, आत्या. पण दोन वर्षांनी मलाच खात्री वाटेनाशी झाली होती. रोज वाटायचं, अजून थोडा लावला असता तर. ते तू केलंस. बाळ गेलं त्याच्याहून मला त्याचा राग जास्त आहे, आणि तो गेलेला नाही. जाईल की नाही मला माहीत नाही.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. इथल्या कार्डावर बाळाची लांबी पन्नास सेंटीमीटर लिहिलीये. शेजारच्या पलंगावरच्या बाळाचीही पन्नास. पलीकडच्याचीही पन्नास. मी जागी होते, कोणी टेप काढली नव्हती.

रविवारी सकाळी ये. टेप आण. हिला मोज, आणि जो आकडा येईल तो आईंसमोर मोठ्याने सांग.

सुचेता